सरासरीतून दोन टक्के वजा केले की झालं?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, दोघंही आयटीत आहोत. नवऱ्याचा इंजिनिअरिंगपासूनचा मित्र एका छोट्या क्रिप्टो फंडात भागीदार आहे. त्याने आम्हाला १ लाख डॉलर टाकायला सुचवलंय. वर्षाला २ टक्के मॅनेजमेंट फी आणि नफ्यावर २० टक्के परफॉर्मन्स फी आहे. त्याच्या पत्रकात २०२१ ते २०२४ या चार वर्षांचा सरासरी परतावा ६८ टक्के दिलाय. नवरा म्हणतो, फी जाऊन साठ धरले तरी पुष्कळ झाले. मला ते पटत नाही, पण नेमका हिशोब कसा मांडायचा तेही कळत नाही. हे पैसे मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेत, ती आता नववीत आहे. तिकडे सांगलीत सासरे निवृत्तीच्या पैशांतले १० लाख तिथल्याच एकाच्या 'क्रिप्टो फंडा'त ठेवायचं म्हणतायत. मित्र दर महिन्याच्या १ तारखेला पैसे घेतो, आणि येत्या १ तारखेच्या आत कळवा म्हणतोय. फार खोदून विचारलं तर त्याला वाईट वाटेल का?

— एक वाचक, एडिसन

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो सुटल्याशिवाय बाकीचं विचारायचा तुम्हाला धीर होणार नाही. जो १ लाख डॉलर मागतो त्याला हिशोब विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फंड चालवणाऱ्याला हे प्रश्न नवे नसतात, आणि काम चोख असेल तर उत्तरांची फाइल तयारच असते. मैत्रीची काळजी असेल तर उलट आत्ताच विचारा. पैसे अडकल्यावर दोन घरांत जो अबोला येतो, तो आज दोन प्रश्न विचारल्याने येत नाही.

आता ते ६८ टक्के. हा आकडा वाचून मी बिटकॉइनचे वर्षअखेरचे भाव समोर घेऊन बसले. २०२०च्या अखेरीला एक बिटकॉइन सुमारे २९,००० डॉलरला होता. २०२१च्या अखेरीला ४६,०००, २०२२च्या अखेरीला साडेसोळा हजार, २०२३च्या अखेरीला ४२,००० आणि २०२४च्या अखेरीला ९३,००० च्या आसपास. टक्क्यांत मांडलं तर ढोबळमानाने पहिल्या वर्षी ६० टक्के वर, दुसऱ्या वर्षी ६४ टक्के खाली, तिसऱ्या वर्षी १५५ वर आणि चौथ्या वर्षी १२० वर. या चारांची बेरीज वजाबाकी केली की २७१ येतात. भागिले चार, म्हणजे ६८. पत्रकात फंडाचा परतावा म्हणून जो छापलाय तो, योगायोग नसेल तर, नुसत्या बिटकॉइनचा आहे, आणि फी कापायच्या आधीचा आहे.

शिवाय ही साधी सरासरी आहे, आणि साध्या सरासरीवर पैसे वाढत नाहीत. दर वर्षी खरोखर ६८ टक्के मिळाले असते तर तुमच्या १ लाखाचे चार वर्षांत जवळजवळ ८ लाख झाले असते. बिटकॉइनने प्रत्यक्षात ३ लाख २३ हजार केले. चक्रवाढीने मोजलं तर हा वर्षाला ३४ टक्के परतावा होतो. ६८च्या बरोबर निम्मा. कारण सोपं आहे: एका वर्षी ६४ टक्के पडल्यावर शंभराचे छत्तीस उरतात, आणि त्या छत्तिसाचे पुन्हा शंभर व्हायला १७८ टक्के वाढ लागते. सरासरी काढताना पडलेलं वर्ष आणि चढलेलं वर्ष एकाच मापाने मोजलं जातं, तुमच्या खात्यात तसं होत नाही. चढउतार जितके मोठे तितकी ही फसगत मोठी, आणि क्रिप्टोइतके मोठे चढउतार तुमच्या बाकी कुठल्याच गुंतवणुकीत नसतील. तेव्हा तुमच्या यजमानांचे 'फी जाऊन साठ' हे सुरुवातीलाच बाजूला ठेवू या.

फीचा हिशोब सरासरीवरून करताच येत नाही. तो वर्षावर्षाने, रकमेवर करावा लागतो. मी हीच चार वर्षं घेऊन करून दाखवते. असं धरू की फंडाने फक्त बिटकॉइन घेतलं आणि नुसतं धरून ठेवलं, आणि दोन्ही फी वर्षाच्या शेवटी कापल्या. प्रत्यक्षात मॅनेजमेंट फी दर महिन्याला किंवा तिमाहीला कापतात, त्याने आकडे थोडे इकडेतिकडे होतील.

पहिलं वर्ष: १ लाखाचे १,६०,००० झाले. त्यावर २ टक्के म्हणजे ३,२०० गेले. मूळ रकमेच्या २ टक्के नव्हे, वाढलेल्या रकमेच्या. उरले १,५६,८००. यातला नफा ५६,८००, त्याचे २० टक्के म्हणजे ११,३६० गेले. तुमच्या खात्यात १,४५,४४०. ही रक्कम लक्षात ठेवा.

दुसरं वर्ष: ६४ टक्के घसरण. उरले ५२,३५८. २ टक्के फी या वर्षीही आहेच, १,०४७ गेले, ५१,३११ राहिले. नफा नाही म्हणून परफॉर्मन्स फी नाही. पण पहिल्या वर्षी घेतलेले ११,३६० कुणी परत देत नाही. तो नफा आता कागदावरही उरलेला नाही, फी मात्र गेलेली आहे.

तिसऱ्या वर्षी १५५ टक्के वाढ. १,३०,८४४ झाले, मॅनेजमेंट फी जाऊन १,२८,२२७. इथे खरा प्रश्न उभा राहतो. या वर्षात खातं ५१ हजारांवरून १ लाख २८ हजारांवर गेलं. या वाढीवर २० टक्के घ्यायचे की नाही? तुम्ही तर अजून १,४५,४४०च्या खालीच आहात. करारात 'हाय वॉटर मार्क'चं कलम असेल तर फी नाही, कारण खातं आजवरच्या सर्वांत वरच्या रकमेच्या पुढे जाईपर्यंत परफॉर्मन्स फी लागत नाही. हे कलम नसेल तर याच वर्षी १५,३८३ डॉलर जातात, तेही तुम्ही तोट्यातून वर येत असताना.

चौथ्या वर्षाअखेर, कलम असेल तर सगळं जाऊन तुमच्या हाती सुमारे २,५०,२५० येतात. कलम नसेल तर २,१७,२००. एका कलमाने ३३ हजारांचा फरक पडतो, म्हणून मित्राला पहिला प्रश्न हाच विचारा. त्याला जोडून दोन गोष्टी. हाय वॉटर मार्कची ही खूण, म्हणजे आजवरची सर्वांत वरची रक्कम, प्रत्येक गुंतवणूकदाराची स्वतंत्र ठेवली जाते ना, हे विचारा. तुम्ही वरच्या भावाला आलात आणि दुसरा कुणी खालच्या भावाला आला, तर दोघांना एकच खूण लावणं अन्यायाचं होईल. आणि मोठ्या घसरणीनंतर फंड बंद करून तीच माणसं नवा फंड काढतात, असं या धंद्यात घडतं. नव्या फंडात तुमची जुनी खूण पुसली जाते आणि परफॉर्मन्स फी पुन्हा तळापासून सुरू होते. पहिल्या फंडाचं काय झालं, हे म्हणूनच विचारायचं.

आता हे आकडे शेजारी ठेवा. फी नसती तर ३ लाख २३ हजार. हाय वॉटर मार्क असलेल्या फंडात अडीच लाख. नफ्यातले सुमारे ७३ हजार, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश नफा, फीत गेला. कलम नसलेल्या फंडात नफ्याचा जवळजवळ अर्धा भाग जातो. नुसती २ टक्के मॅनेजमेंट फी असती तरी 'चार वर्षांचे आठ टक्के, म्हणजे ८ हजार' हा हिशोब चुकला असता. ती फी वाढलेल्या रकमेवर लागत असल्यामुळे शेवटी २५ हजारांची तूट पडते.

आणि ११ जानेवारी २०२४ पासून तुमच्याकडे दुसरा रस्ता आहे. आदल्या दिवशी एसईसीने, म्हणजे अमेरिकेच्या बाजार नियामकाने, थेट बिटकॉइन धरणाऱ्या ईटीएफना (शेअरसारख्या बाजारात घेता-विकता येणाऱ्या फंडांना) मंजुरी दिली. ब्लॅकरॉक आणि फिडेलिटी यांच्या ईटीएफची फी वर्षाला ०.२५ टक्के आहे. तेच चार वर्षांचे भाव या फीने मोजले तर १ लाखाचे ३ लाख २० हजार होतात. म्हणजे ज्या बिटकॉइनमधून मित्राचा फंड तुमच्या हाती अडीच लाख देतो, त्याच बिटकॉइनमधून ईटीएफ ३ लाख २० हजार देतो. त्याचं म्हणणं असेल की आम्ही नुसतं बिटकॉइन धरून बसत नाही, खरेदीविक्रीने जास्त कमावतो. मग किती जास्त कमवावं लागेल ते बघा. बिटकॉइन वर्षाला २० टक्के वाढलं तर ईटीएफ तुम्हाला १९.७ टक्के देईल. २ आणि २० फी घेऊन तेवढंच तुमच्या हाती द्यायला फंडाला २७.२ टक्के कमवावे लागतील. दर वर्षी. तेही फक्त बरोबरी करायला. त्याने चार वर्षांत असं कधी केलं असतं तर ते पत्रकात आलं असतं. पत्रकात बिटकॉइनचीच सरासरी आहे.

पुढच्या वर्षांचा अंदाज हवाय, असं तुमच्या मनात असेल. भाव किती वाढेल हे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, पण फी किती खाईल हे नेमकं मोजता येतं. फंडाने फीपूर्वी ३० टक्के कमावले तर तुम्हाला २१.९ मिळतात. २० कमावले तर १४.१. १० कमावले तर ६.२. ५ कमावले तर २.३. काहीच कमावलं नाही तर तुमचे २ जातात. परतावा कमी होत जातो तसा फीचा वाटा वाढत जातो, हे या रांगेत दिसतं. २०२३-२४ मध्ये अमेरिकन सरकारच्या ट्रेझरी बिलांवर (अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांवर) ५ टक्क्यांच्या वर व्याज मिळत होतं. तेवढ्या कमाईसाठी फंडाला परफॉर्मन्स फी का द्यायची? म्हणून काही फंड 'हर्डल' ठेवतात, म्हणजे ठरावीक टक्क्यांपर्यंतच्या कमाईवर परफॉर्मन्स फी घेत नाहीत. मित्राच्या फंडात हर्डल आहे का, हा दुसरा प्रश्न.

तिसरा प्रश्न खर्चाचा. ऑडिट, वकील, कस्टडी (नाणी सांभाळणारी सेवा), फंड ॲडमिनिस्ट्रेटर (फंडाचा हिशोब ठेवणारी संस्था) हे सगळे बहुधा मॅनेजमेंट फीच्या वेगळे, फंडातूनच वजा होतात. फंड ५० लाख डॉलरचा असेल आणि हा खर्च १ लाख असेल, तर आणखी २ टक्के गेले. मोठ्या फंडाला ते जाणवत नाही, छोट्याला फार जाणवतं. पत्रकात हे नसतं, प्रायव्हेट प्लेसमेंट मेमोरँडममध्ये, म्हणजे फंडाच्या अटी सांगणाऱ्या मुख्य दस्तऐवजात, असतं. नोंदणीकृत सल्लागाराने जाहिरातीत फीपूर्वीचा परतावा दाखवला तर फीनंतरचाही तितक्याच ठळकपणे दाखवायला हवा, असा एसईसीचा नियम आहे. १५ कोटी डॉलरपेक्षा लहान फंड चालवणारे बहुतेकदा नोंदणीतून सूट घेतात, त्यांना तो नियम लागत नाही. म्हणून ते तुम्हालाच मागावं लागेल.

पैसे काढण्याच्या अटीही फीइतक्याच महत्त्वाच्या आहेत, कारण परतावा शेवटी हातात पडतो तेव्हाच खरा. ग्रेस्केल या कंपनीच्या बिटकॉइन ट्रस्टची फी २ टक्के होती आणि लोक ती मोजत बसायचे. पण त्या ट्रस्टचे शेअर परत देऊन बिटकॉइन घेण्याची सोय नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये हे शेअर आतल्या बिटकॉइनच्या किमतीपेक्षा जवळजवळ निम्म्या भावाने विकले जात होते. ज्याला तेव्हा पैसे लागले त्याचं नुकसान फीच्या कितीतरी पट झालं. त्याच्या महिनाभर आधी एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज कोसळलं, आणि ज्या फंडांनी तिथे नाणी ठेवली होती त्यांचे गुंतवणूकदार वर्षानुवर्षं वाट बघत राहिले. तुमच्या मित्राचा फंड नाणी कुठे ठेवतो, लॉक-इन (पैसे काढता न येण्याचा काळ) किती, नोटीस किती दिवसांची, हे लेखी घ्या.

आता कर. हा भाग तुमच्या सीपीएकडून, म्हणजे कर बघणाऱ्या अकाउंटंटकडून, तपासून घ्याच. असा फंड भागीदारी म्हणून नोंदलेला असतो आणि दर वर्षी तुम्हाला तुमच्या वाट्याचा नफा-तोटा सांगणारा के-१ हा कराचा फॉर्म पाठवतो. फंडाने वर्षभरात खरेदीविक्री केली असेल तर त्या नफ्यावर तुम्ही कर भरायचा, एक डॉलरही न काढता. वर्षाच्या आतला नफा असेल तर तो पगारासारख्याच दराने. २०२१ सारख्या वर्षी असा कर भरला आणि २०२२ मध्ये सगळं गेलं, तर तो तोटा मागच्या वर्षाच्या नफ्यातून वजा होत नाही. फेडरल रिटर्नमध्ये भांडवली तोटा आधी भांडवली नफ्यातूनच वळता होतो. तसा नफा नसेल तर बाकी उत्पन्नातून वर्षाला ३,००० डॉलर, उरलेला पुढे न्यायचा. न्यू जर्सीत तर भांडवली तोटा पुढेही नेता येत नाही. शिवाय करासाठी फंड 'इन्व्हेस्टर' दर्जाचा (धंदा म्हणून खरेदीविक्री करणारा 'ट्रेडर' नव्हे) असेल तर २०१८ पासून मॅनेजमेंट फीची वजावट मिळत नाही. म्हणजे जी रक्कम तुमच्या हाती आलीच नाही तिच्यावरही कर. के-१ बऱ्याचदा रिटर्नच्या मुदतीनंतर, म्हणजे १५ एप्रिलनंतर येतो, तेव्हा एक्स्टेन्शन (मुदतवाढ) भरायची तयारी ठेवावी लागते. ईटीएफमध्ये मुख्यतः तुम्ही विकाल तेव्हाच कर लागतो, आणि ईटीएफ आयआरए या निवृत्तीच्या खात्यातही घेता येतो.

माझं मत स्पष्ट सांगते. मुलगी नववीत आहे, पहिली फी भरायला चार वर्षं आहेत. चार वर्षांत लागणारे पैसे जिथे एका वर्षात ६४ टक्के गेले तिथे ठेवू नका, फी कितीही असो. ती अकरावी-बारावीत असताना २०२२ सारखं वर्ष आलं तर थांबायला तुमच्याकडे वेळ नसेल. यजमानांना क्रिप्टोत उतरायचंच असेल तर कॉलेजचे आणि घराचे पैसे बाजूला काढून, जी रक्कम पूर्ण गेली तरी घर हलणार नाही तेवढीच, आणि ती ईटीएफमध्ये. 'ॲक्रेडिटेड इन्व्हेस्टर', म्हणजे अशा खासगी फंडात पैसे घालायला कायद्याने पात्र, व्हायचा एक निकष म्हणजे जोडप्याचं ३ लाख डॉलरच्या वर उत्पन्न. ते तुमचं असेल, म्हणूनच हे आमंत्रण आलंय. कायदा त्यावरून एवढंच धरतो की तुम्हाला हा तोटा सोसेल. मुलीच्या फीच्या तारखा कायदा बघत नाही.

सासऱ्यांच्या बाबतीत मात्र अजिबात वेळ घालवू नका. सेबीकडे नोंदलेला एकही म्युच्युअल फंड भारतात थेट क्रिप्टो घेत नाही. तेव्हा सांगलीतला 'फंड' हा ज्या अर्थाने ते फंड समजतायत तसा नाही, आणि तक्रार घेऊन जायला सेबीचं दार नाही. त्यात तिथल्या कराने फीचं गणित आणखी बिघडतं. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर सेस, म्हणजे ३१.२ टक्के. खरेदीची किंमत सोडून कुठलाही खर्च वजा होत नाही, फीही नाही. १ लाख रुपये नफा झाला आणि चालवणाऱ्याने २० टक्के घेतले तर त्याचे २०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३,६००. कर मात्र पूर्ण १ लाखावर, ३१,२००. सासऱ्यांच्या हाती ४५,२००. आणि दुसऱ्या नाण्यात १ लाख तोटा झाला असेल तर तो या नफ्यातून वळता होत नाही. दोन्ही मिळून शून्य कमावलं तरी ३१,२०० भरायचेच.

तो माणूस फी सांगतच नसेल आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम देईन म्हणत असेल, तर हिशोब करायचीही गरज नाही. गेनबिटकॉइन या क्रिप्टो योजनेवाल्यांनी महिन्याला १० टक्के, १८ महिने, असंच सांगितलं होतं. पुण्यासह अनेक शहरांत गुन्हे नोंदले गेले, तपास शेवटी सीबीआयकडे गेला. सासऱ्यांना सुनेने सांगितलेलं कदाचित रुचणार नाही. यजमानांना फोन करायला सांगा, आणि ४५,२०० चा हा हिशोब त्यांच्याकडून सासऱ्यांना कागदावर मांडायला लावा. ज्येष्ठ नागरिक बचत योजना पोस्टात आणि बँकेत दोन्हीकडे आहे, ती त्यांना माहीत असेलच. १० लाखांची ती योग्य जागा.

मित्राला काय लिहायचं, तेही सुचवते. 'तुझं पत्रक वाचलं. निर्णय घेण्याआधी फंडाचं मेमोरँडम, गेल्या दोन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, आणि २०२१ च्या सुरुवातीला आलेल्या एका गुंतवणूकदाराला सगळी फी जाऊन वर्षअखेरीला किती दिसले त्याचे चार आकडे पाठव, नाव झाकून. ६८ टक्के कसे काढले तेही सांग.' एवढंच. त्याआधी एसईसीच्या एडगर या साइटवर त्याच्या फंडाचा फॉर्म डी (खासगी फंडाने एसईसीला द्यायची सूचना) शोधा, फुकट बघता येतो. तो सापडला म्हणजे एसईसीने फंड तपासला असं होत नाही, पण फंडाने तो भरणं अपेक्षित असताना सापडला नाही तर का, हे विचारायला हवं.

दर महिन्याच्या १ तारखेला तो पैसे घेतो, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ही तारीख गेली तर पुढची आहेच. आकडे येईपर्यंत सही करू नका. आले की मला पाठवा, आपण ते वर ज्या क्रमाने मांडले तसेच वर्षावर्षाने मांडू.